इंटरनेटचे नियम, मक्तेदारी आणि आपले हक्क : व्हीएसएनएलच्या डायल-अपपासून फ्री बेसिक्सपर्यंत

भैरवगढ (उज्जैन) : कालभैरवाच्या देवळाच्या अलीकडे क्षिप्रेच्या अंगाला छिपा कारागिरांची वस्ती आहे. इथले लोक गावाला भेरूगढ म्हणतात आणि इथल्या कापडाला भेरूगढ प्रिंट. मेण तापवायचे, कापडावर ओतायचे किंवा ठशाने उठवायचे, रंगात बुडवायचे, मग उकळत्या पाण्यात मेण काढायचे. हे बाटिकचे काम इथे घरोघरी चालते. पूर्वी माल घ्यायला व्यापारी यायचा. आता निम्मा सौदा मोबाईलवर होतो. चादरीचा फोटो जळगावला, सुरतेला, पुण्याला जातो आणि पैसे खात्यावर येतात.

म्हणून आजचा विषय या गल्लीपासून सुरू केला. इंटरनेटवर कुणाचा ताबा असावा, कोणती साईट कुणी बंद करावी, एका कंपनीने दुसरीची वाट अडवली तर काय, ह्या गोष्टी दिल्लीतल्या वकिलांच्या वाटतात. पण नेट बंद पडले की भेरूगढच्या कारागिराचा गल्लाच बंद पडतो. हे वाद कसे सुरू झाले, कोणत्या वर्षी काय ठरले, याची एकत्र माहिती मराठीत हवी असे अनेक वाचकांनी कळवले होते. त्यासाठी हा लेख. मी कॉमर्सचा माणूस, तंत्रज्ञ नाही. त्यामुळे हिशेबाच्या बाजूने बघतो, हे आधीच सांगून ठेवतो.

एकच दुकान असलेला बाजार

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते 15 ऑगस्ट 1995 रोजी. देणारी कंपनी एकच, सरकारी विदेश संचार निगम, म्हणजे व्हीएसएनएल. त्याआधी अर्नेट आणि निकनेट होते, पण ते संशोधन संस्था आणि सरकारी कचेऱ्यांपुरते. बी.कॉमला मक्तेदारीचा धडा असायचा आणि उदाहरण म्हणून प्राध्यापक रेल्वे सांगायचे. व्हीएसएनएलचे उदाहरण जास्त चांगले होते, कारण हा विक्रेता माल विकायचा आणि तो कसा वापरायचा तेही ठरवायचा. नेटवरून फोन करणे बंद होते. परदेशी कॉलचा धंदा व्हीएसएनएलचाच, मग स्वस्त नेट-फोनला वाट कोण देईल? नेट टेलिफोनीला परवानगी मिळाली ती 1 एप्रिल 2002 पासून.

मक्तेदारी मोडली नोव्हेंबर 1998 च्या धोरणाने. खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवा देण्याची मुभा मिळाली, पहिली पाच वर्षे परवाना शुल्क माफ झाले. त्यानंतर सायबर कॅफे आले. उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये आम्ही चार मित्र मिळून एक तास घ्यायचो आणि त्यातली वीस मिनिटे ‘कनेक्टिंग’ बघण्यात जायची.

माळव्यातला प्रयोग

आपल्या भागाचे नाव या इतिहासात फारसे कुणी घेत नाही. खरे तर ग्रामीण इंटरनेटचे देशातले दोन मोठे सुरुवातीचे प्रयोग मध्य प्रदेशात झाले.

पहिला उज्जैनच्या शेजारी, पवारांच्या धारला. 1 जानेवारी 2000 रोजी धार जिल्ह्यात ‘ज्ञानदूत’ सुरू झाले. गावोगावी सूचनालये, त्यात एक संगणक आणि एक सूचक. मंडीचे भाव, खसऱ्याची नक्कल, उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला, कलेक्टरकडे तक्रार, सगळे थोड्या शुल्कात. त्याच वर्षी या प्रकल्पाला स्टॉकहोम चॅलेंज पुरस्कार मिळाला. पुढे टेलिफोनच्या खराब लाइनी आणि विजेचा लपंडाव यांनी त्याचा जोर ओसरला.

दुसरा आयटीसी कंपनीचा ई-चौपाल. जून 2000 मध्ये सोयाबीनसाठी तो मध्य प्रदेशातच सुरू झाला. याच्यावर जरा थांबतो, कारण पुढचे सगळे वाद यात बीजरूपाने आहेत.

मंडीत शेतकरी ट्रॉली घेऊन जायचा तेव्हा त्याला आजचा भाव माहीत नसायचा. लिलाव पडत्या भावात झाला तरी माल परत नेण्याचे भाडे परवडत नाही, म्हणून गुपचूप द्यायचा. ई-चौपालने गावातल्याच एका शेतकऱ्याच्या घरी संगणक आणि उपग्रहाची छत्री बसवली. त्याला ‘संचालक’ म्हणायचे. पडद्यावर मंडीचे भाव दिसायचे आणि कंपनी काय भाव देते तेही. पटले तर कंपनीच्या केंद्रावर जा, तिथे इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन, पैसे रोख. नाही पटले तर मंडी आहेच.

याचा परिणाम मोजला गेला. अर्थतज्ज्ञ अपराजिता गोयल यांचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की जिथे ही केंद्रे आली तिथे मंडीतलाही सोयाबीनचा भाव सरासरी 1 ते 3 टक्क्यांनी वाढला. म्हणजे जो शेतकरी कंपनीकडे गेलाच नाही त्यालाही फायदा झाला, कारण व्यापाऱ्यांना स्पर्धा आली. एक टक्का ऐकायला थोडा वाटतो. ट्रॉलीभर सोयाबीनवर लावून बघा.

पण वाद होताच. मंडीबाहेर खरेदीला परवानगी द्यायची तर नियम बदलावे लागले. अडते आणि हमाल नाराज झाले. आणि एक प्रश्न तेव्हा हळू आवाजात विचारला गेला: भाव दाखवणारी खिडकी ज्याची, माल घेणारे दुकानही त्याचेच, हे बरोबर का? ई-चौपालमध्ये उत्तर असे होते की खिडकीतून मंडीचाही भाव दिसायचा आणि मंडीची वाट मोकळी होती. ही गोष्ट लक्षात ठेवा. पंधरा वर्षांनी हाच प्रश्न फेसबुकला विचारला गेला, आणि तिथे हे उत्तर नव्हते.

साईट बंद करण्याची सवय

सुरुवातीच्या बंदीचे किस्से आज वाचले तर हसू येते, पण ते तेवढे हसण्यासारखे नाहीत. 1999 मध्ये कारगिल युद्धाच्या काळात व्हीएसएनएलने पाकिस्तानच्या ‘डॉन’ वृत्तपत्राची साईट बंद केली. सप्टेंबर 2003 मध्ये मेघालयातल्या एका फुटीर गटाचा याहू ग्रुप बंद करण्याचा आदेश निघाला. कंपन्यांना तो एकच ग्रुप वेगळा काढता येईना, म्हणून काहींनी सगळे याहू ग्रुप्स बंद केले. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचे, भजनी मंडळाचे, सगळ्यांचेच.

जुलै 2006 मध्ये तसेच झाले. मुंबईच्या लोकलमध्ये 11 जुलैला स्फोट झाले. त्यानंतर काही मोजक्या पानांवर बंदीचा आदेश निघाला आणि सेवा देणाऱ्यांनी अख्खे ब्लॉगस्पॉट बंद केले. त्या वेळी मुंबईकर याच ब्लॉगवरून जखमींची आणि दवाखान्यांची माहिती एकमेकांना देत होते. एका खोलीचे भाडे थकले म्हणून सगळ्या चाळीला कुलूप, असा प्रकार.

पुण्याचे प्रकरण याहून गंभीर. ऑर्कुट नावाची साईट तेव्हा जोरात होती आणि तिच्यावर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी आक्षेपार्ह मजकूर आला. लोकांचा राग समजण्यासारखा होता. पोलिसांनी ज्या आयपी पत्त्यावरून मजकूर टाकला गेला तो शोधला, दूरसंचार कंपनीकडून त्या पत्त्याचा ग्राहक कोण ते मागवले आणि ऑगस्ट 2007 च्या अखेरीस बेंगळुरूच्या एका संगणक अभियंत्याला घरातून उचलून पुण्याला आणले. येरवड्यात तो 50 दिवस होता. नंतर कळले की कंपनीने दिलेली माहितीच चुकीची होती. आयपी पत्ता त्याचा नव्हताच. त्या तरुणाचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता.

आपल्या बँकेच्या पासबुकात चुकीची नोंद झाली तर आपण काउंटरवर भांडतो. इथे एका चुकीच्या नोंदीने माणूस तुरुंगात गेला. कंपनी आपल्याविषयी कोणती माहिती ठेवते, पोलिसांना कोणत्या कागदावर देते आणि चूक झाली तर भरपाई कोण करतो, ह्या प्रश्नांची महाराष्ट्रातली सुरुवात माझ्या मते इथून धरावी.

कलम 66 अ आणि पालघर

माहिती तंत्रज्ञान कायदा 17 ऑक्टोबर 2000 पासून लागू झाला. त्याचा मूळ हेतू व्यापाराचा: डिजिटल सही, इलेक्ट्रॉनिक करार वगैरे. डिसेंबर 2004 मध्ये बाझी डॉट कॉम या खरेदी-विक्रीच्या साईटच्या प्रमुखांना अटक झाली, कारण एका विक्रेत्याने साईटवर अश्लील चित्रफीत विकायला ठेवली होती. दुकानमालकाने काय केले तर गाळा भाड्याने दिला! या अटकेनंतर मध्यस्थांच्या जबाबदारीचा, म्हणजे कलम 79 चा वाद पेटला.

2008 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. 26/11 च्या हल्ल्यानंतर महिनाभरात, संसदेत फारशी चर्चा न होता ती मंजूर झाली आणि 27 ऑक्टोबर 2009 पासून लागू झाली. तिच्यातून आले कलम 66 अ. त्रासदायक, गैरसोयीचा किंवा अत्यंत अपमानकारक संदेश पाठवला तर तीन वर्षांपर्यंत कैद. त्रास म्हणजे किती त्रास, गैरसोय कुणाची, याची व्याख्या नाही. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे निम्मे संदेश यात बसले असते.

17 नोव्हेंबर 2012 रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्याला ‘लाइक’ केले. दोघींना अटक झाली. एकीच्या नातेवाइकाच्या दवाखान्याची मोडतोड झाली. ‘लाइक’ केल्याबद्दल अटक, ही बातमी जगभर गेली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, स्वतंत्र जिल्हा झाले 2014 मध्ये. गुजरातला लागून असलेला हा आपल्यासारखाच सीमेवरचा मुलूख. पुढे संबंधित पोलिस अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली, गुन्हा मागे घेतला गेला.

या प्रकरणावरून श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली. 24 मार्च 2015 रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती नरिमन यांच्या पीठाने कलम 66 अ घटनाबाह्य ठरवून पूर्ण रद्द केले. त्याच निकालात कलम 79 विषयी सांगितले की साईटने मजकूर काढायचा तो न्यायालयाच्या किंवा सरकारच्या आदेशावर. कुणीही उठून पत्र लिहिले म्हणून नाही. मात्र साईट बंद करण्याचा सरकारचा अधिकार, कलम 69 अ, कायम राहिला. हे बरेच लोक विसरतात.

कामाची गोष्ट म्हणजे रद्द झाल्यावरही ठाण्यांत हे कलम लावले जात होते. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर आश्चर्य व्यक्त केले आणि ऑक्टोबर 2022 मध्ये सगळ्या राज्यांच्या पोलिसांना ते न लावण्याचे आदेश दिले. कुणाच्या एफआयआरमध्ये 66 अ दिसले तर वकिलाला हा आदेश दाखवायला सांगा.

फुकटचे नेट कुणाचे?

आता मुख्य वाद. नेट न्यूट्रॅलिटी हा शब्द अमेरिकेतल्या टिम वू या प्राध्यापकांनी 2003 मध्ये रूढ केला. अर्थ सोपा आहे. टोलनाक्यावर गाडीचा टोल घ्या, पण डिक्कीत कोणत्या दुकानाचा माल आहे ते बघून टोल कमी-जास्त करू नका.

डिसेंबर 2014 मध्ये एअरटेलने नेटवरून केलेल्या कॉलसाठी वेगळा, महाग दर जाहीर केला. ओरड झाल्यावर तो थांबवला. 27 मार्च 2015 रोजी ट्रायने 118 पानांचा, 20 प्रश्नांचा सल्ला-मसुदा काढला. इंग्रजीत. व्हॉट्सअॅप, स्काइप यांसारख्या सेवांवर परवाना लावावा का, असा त्याचा सूर होता. खेड्यातला माणूस तो कशाला वाचतो? पण काही तरुणांनी त्याचा सोपा गोषवारा केला, निखिल पाहवा यांच्यासारख्या पत्रकारांनी विषय लावून धरला, एका विनोदी मंडळीचा व्हिडिओ गाजला आणि एका क्लिकवर ट्रायला ईमेल जाईल अशी सोय झाली. महिनाभरात दहा लाखांहून जास्त ईमेल गेले.

त्यावर ट्रायने काय केले, तर सगळे ईमेल पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट साईटवर टाकले. हक्क मागायला गेलेल्या दहा लाख लोकांचे पत्ते जाहिरातवाल्यांना आयते मिळाले. नियामकानेच असे करावे, यावर काय बोलणार.

दुसरीकडे फेसबुकचे इंटरनेट डॉट ऑर्ग होते. 10 फेब्रुवारी 2015 रोजी ते रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर भारतात आले, पण सहाच राज्यांत: महाराष्ट्र, गुजरात, आंध्र प्रदेश, तेलंगणा, तमिळनाडू आणि केरळ. मध्य प्रदेश त्यात नव्हता. म्हणजे रावेरला ते फुकट नेट मिळणार आणि शेजारच्या बऱ्हाणपूरला नाही. सीमेवरच्या माणसाला हे नवे नाही. तेव्हा रोमिंगही तसेच होते, आणि राज्य ओलांडून नंबर तोच ठेवायची सोय जुलै 2015 मध्ये झाली. नोव्हेंबरमध्ये ही फुकट सेवा रिलायन्सच्या देशभरातल्या ग्राहकांना खुली झाली. तोवर तिचे नाव फ्री बेसिक्स झाले होते.

यात मिळायचे काय? फेसबुक आणि त्याच्या अटी मान्य केलेल्या काही साईट. बाकीच्या नेटला पैसे. बाजू मांडणारे म्हणत, ज्याच्याकडे काहीच नाही त्याला एवढे तर मिळू द्या. हा मुद्दा अगदी टाकाऊ नव्हता. ज्या घरात महिन्याचा डेटा पॅक हा खरोखर खर्च होता, त्या घराने काय म्हणावे हे पुण्या-मुंबईच्या अभियंत्यांनी ठरवणे मलाही खटकत होते. पण ई-चौपालचा प्रश्न इथे पुन्हा आला. त्या खिडकीतून मंडी दिसत होती. या खिडकीतून दिसत नव्हती. भेरूगढच्या कारागिराने स्वतःची साईट काढली आणि ती यादीत नसेल, तर फुकट नेटवाल्या गिऱ्हाइकासाठी तो जगात नाहीच. शिवाय यादी ठरवणारा स्वतःही बाजारात जाहिरात विकायला बसलेला.

9 डिसेंबर 2015 रोजी ट्रायने वेगवेगळ्या दरांविषयी दुसरा मसुदा काढला. फेसबुकने पानभर जाहिराती दिल्या, आपल्या सदस्यांकडून ट्रायला तयार ईमेल पाठवले. सुमारे 24 लाख प्रतिक्रिया आल्या. त्यातल्या बहुसंख्य फ्री बेसिक्सच्या छापील नमुन्याच्या होत्या आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते, असे ट्रायनेच म्हटले. 8 फेब्रुवारी 2016 रोजी ट्रायचे अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी निर्णय जाहीर केला: मजकूर बघून डेटाचा दर कमी-जास्त करता येणार नाही. मोडल्यास दिवसाला 50,000 रुपये, जास्तीत जास्त 50 लाख रुपये दंड. सूट फक्त आणीबाणीच्या सेवेला आणि बंदिस्त अंतर्गत जाळ्याला. तीन दिवसांत फेसबुकने फ्री बेसिक्स भारतातून मागे घेतले. 2018 मध्ये हे तत्त्व कंपन्यांच्या परवान्यातच घातले गेले.

यानंतर सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आले, महिनोन्महिने फुकट. एअरटेलने स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की हा तोट्यात विकून बाजार बळकावण्याचा प्रकार आहे. जून 2017 मध्ये आयोगाने ती फेटाळली: नव्याने आलेली कंपनी बाजारात प्रबळ नाही, मग गैरवापर कशाचा? कायद्याने उत्तर बरोबर असेल. पण तेव्हा उज्जैनच्या दुकानांवर जेवढ्या कंपन्यांच्या पाट्या होत्या त्यातल्या आज किती आहेत ते मोजा. फुकट कुणाला परवडते याचा हिशेब असा उशिरा लागतो.

बंद, आणि पुन्हा भेरूगढ

जून 2017 मध्ये शेतकरी आंदोलनात मंदसौरजवळ पिपलियामंडीत गोळीबार झाला. त्या दिवसांत मंदसौर, रतलाम, उज्जैन भागात मोबाईल इंटरनेट बंद होते. तोवर अशी बंदी बहुधा कलम 144 खाली, जिल्हा पातळीवर व्हायची. ऑगस्ट 2017 मध्ये वेगळे नियम आले: आदेश गृहसचिवाचा, त्यावर पुनर्विलोकन समिती. 10 जानेवारी 2020 रोजी अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नेटबंदी बेमुदत नसावी आणि आदेश प्रसिद्ध केला पाहिजे. आदेश प्रसिद्ध झाला तरच त्याला आव्हान देता येते.

भेरूगढला मात्र आजची अडचण वेगळी आहे. उज्जैन बाटिकला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरी ऑनलाइन बाजारात ‘बाटिक’ म्हणून छापील कापड सर्रास विकले जाते, कधी खऱ्या कारागिराच्या मालाचा फोटो लावून. कलम 79 चा जुना वादच इथे उभा राहतो: साईट म्हणते आम्ही फक्त गाळा दिला. जुलै 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार प्रत्येक साईटला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. विक्रेत्याचे नाव-पत्ता दाखवणेही बंधनकारक आहे. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915.

खरी बाटिक ओळखायची खूण सोपी आहे. कापड उलटून बघा. रंगात बुडवलेले असल्याने दोन्ही बाजू जवळपास सारख्या दिसतात आणि मेणाला तडा गेलेल्या बारीक रेघा दोन्हीकडे उतरतात. छापलेल्या कापडाची मागची बाजू फिकी. जळगावच्या माझ्या मावसभावाने एका साईटवरून ‘अस्सल उज्जैन बाटिक’ चादर मागवली होती. मागून पांढरीफटक निघाली. मी शिकवल्याप्रमाणे त्याने तक्रार केली, पोच आली, दुसऱ्या महिन्यात पैसेही परत आले. चादर परत न्यायला कुणी आले नाही. ती सध्या त्याच्या स्कूटरवर घातलेली असते.